सावलीच्या परसबागेत नीरब्राह्मी : भोर व वेल्हे भागासाठी लागवडीची माहिती

भोर व वेल्हे या तालुक्यांतील घरांभोवतीच्या परसबागा पाहिल्या, तर एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. आंबा, फणस, चिंच, शेवगा यांपैकी एकदोन झाडे दारी असतात; न्हाणीच्या मोरीपाशी केळी व अळू असतो; आणि या झाडांच्या सावलीतील उरलेली जमीन बहुधा उघडी, तुडवलेली व ओसाड असते. ऊन नाही म्हणून तेथे भाजीपाला होत नाही, आणि भाजीपाला होत नाही म्हणून तिकडे कोणी लक्ष देत नाही. पावसाळ्यात मात्र हीच जागा त्रास देऊ लागते. पागोळ्यांच्या माऱ्याने जमिनीत चर पडतो, चिखलाचे शिंतोडे भिंतीवर हात-दोन हात उंच उडतात, जोत्याच्या कडेची माती वाहून जाते आणि काही वर्षांत जोत्याचे पायथ्याचे दगड उघडे पडतात. मातीच्या भिंतींच्या जुन्या घरांना हे नुकसान विशेष बाधते. हराळीसारखे गवत ही माती धरून ठेवील असे वाटते. परंतु हराळीला भरपूर ऊन लागते. झाडाखाली ती विरळ होत जाते व अखेर नाहीशी होते.

अशा जागेसाठी जी थोडी झाडे उपयोगी पडतात, त्यांत नीरब्राह्मी ही आपल्याच देशातील वनस्पती पहिल्या पंक्तीत बसविण्यास हरकत नाही. ती जमिनीलगत पसरते, कांडोकांडी मुळे सोडते, पाने मांसल व बारमाही हिरवी असतात आणि ओल मिळत असेल तर अर्धवट सावलीत चांगली वाढते. मात्र तिच्याविषयी काही गैरसमज प्रचलित आहेत, आणि ते दूर न करता लागवड केल्यास पदरी निराशा येण्याचा संभव फार. काही बाबतींत तर निराशेहूनही अधिक अपाय होऊ शकतो. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. लोकांच्या बोलण्यात वेल्हे हेच नाव रुळलेले असल्याने येथे तेच योजिले आहे.)

ओळख

नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी हिचे शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी असे आहे. त्यातील दुसरा शब्द ल मोनिए या अठराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून आला आहे. वनस्पती मात्र भारतात पूर्वापार आहे. ओढ्याकाठी, तळ्याच्या ओलीत, पाटाच्या कडेला व भाताच्या खाचरांच्या बांधालगत ती आपोआप उगवलेली आढळते. खोड नाजूक, रसरशीत व जमिनीवर सरपटणारे असून प्रत्येक पेऱ्यापाशी त्याला पांढरी मुळे फुटतात. पाने समोरासमोर, बिनदेठाची, जाड, टोकाशी रुंद व बुडाशी निमुळती आणि लांबीला एक ते अडीच सेंटिमीटर असतात. पानांच्या बगलेत एकेकटी, पाच पाकळ्यांची, पांढरी अथवा फिकट जांभळी फुले येतात. पान चुरडून चाखल्यास कडू लागते.

येथे पहिला घोटाळा नावाचा आहे. महाराष्ट्रात 'ब्राह्मी' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे मंडूकपर्णी येते, जिला कोकणात कारिवणा असेही म्हणतात. मंडूकपर्णीचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला दातेरी व लांब देठावर एकेकटे उभे असते. नीरब्राह्मीचे पान चिमुकले, जाड, बिनदेठाचे व जोडीजोडीने येणारे असते. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे पुन्हा चूक होऊ नये, इतका त्यांत फरक आहे. तरीही वाळवून भुगा केल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि बाजारातील गोंधळ तेथूनच सुरू होतो. रोपे आणताना नावावर विसंबू नये, पान पाहावे.

दुसरे साम्य घोळीशी आहे. घोळही मांसल व जमिनीवर पसरणारी असते. पण तिचे खोड तांबूस, फुले पिवळी व पाला आंबट असतो, शिवाय तिला ऊन प्रिय आहे. ओल्या जागी वाढणारी जलपिंपळी दुरून नीरब्राह्मीसारखी दिसते, परंतु तिच्या पानांच्या टोकाकडील कडा दातेरी असतात व फुलांची लहान बोंडी लांब दांड्यावर येते. ओळख पटलेली नसताना पाला चाखून पाहण्याची सवय मात्र चांगली नव्हे.

परसात दिसणारी पानफुटी व पानओवा ही मांसल झाडे पुष्कळांना इथलीच वाटतात. वस्तुतः पानफुटी मादागास्करमधून व पानओवा आफ्रिकेतून आलेला आहे. दोन्ही उपयुक्त आहेत व कोरड्या सावलीत तग धरतात, पण जमीन झाकण्याचे काम ती नीटसे करीत नाहीत; उंच वाढून मधली माती उघडीच ठेवतात.

मांसल, परंतु कोरडवाहू नव्हे

मांसल पाने पाहून हे झाड निवडुंगाप्रमाणे पाण्यावाचून जगेल, असा तर्क बांधला जातो. हा तर्क येथे चुकतो. निवडुंग, शेर अथवा माळरानावरील माकडशेंग यांच्या अंगी पाण्याचा साठा असतो तो कोरड्या दिवसांसाठी, आणि त्यांची साल तो साठा आतच राखते. नीरब्राह्मी ही दलदलीतील मांसल वनस्पती आहे. तिच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात व त्यांच्या योगे पाण्याखाली बुडालेल्या चिखलातही मुळांना हवा पोहोचते. समुद्रकिनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यातही ती वाढते. म्हणजे पाणी जास्त झाले तर तिचे काही बिघडत नाही, पाणी तुटले तर मात्र काही दिवसांतच ती करपू लागते. ज्या जागेत अळू जगतो तेथे नीरब्राह्मी जगेल, आणि ज्या जागेत फक्त कोरफड जगते तेथे ती लावू नये, एवढे लक्षात ठेवल्यास निम्मी अडचण संपते.

आता सावलीचा प्रश्न. पुस्तकांत हिला 'ऊन ते अर्धसावली' मानवते असे लिहिलेले असते. पण एकच जागा वर्षाच्या निरनिराळ्या काळात निराळी असते, हे त्यात येत नाही. भोर-वेल्ह्याकडे याला फार महत्त्व आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश आठवडेच्या आठवडे भरलेले असते, घाटमाथ्यालगतच्या गावांत तर दिवसाही धुके असते. अशा वेळी आंब्याखालची जागा अंधारी होते, आणि नीरब्राह्मीची कांडी लांब, पिवळट व विरळ पानांची होऊन आडवी पडतात. उलट मार्चपासून जून लागेपर्यंत तीच सावली वरदान ठरते, कारण जमिनीची ओल उडून जाण्याचा वेग ती कमी करते. पावसाळ्यात उजेड व उन्हाळ्यात सावली अशी या झाडाची गरज आहे, आणि थोड्या कष्टांत ती भागविता येते. आंब्याची फळे उतरल्यानंतर, पाऊस जोर धरण्यापूर्वी, जमिनीकडे झुकलेल्या खालच्या फांद्या छाटाव्यात. कोवळ्या झाडाची छाटणी जपून करावी; जुन्या झाडाच्या पुरुषभर उंचीपर्यंतच्या फांद्या काढल्याने फळांचे फारसे नुकसान होत नाही व बाजूने तिरपा उजेड आत शिरतो.

शेवगा, पपई, केळी, सुपारी व नारळ यांची सावली मुळातच विरळ असते. दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले, तर ती जागा योग्य समजावी. जेथे भर दुपारीही कवडसा पडत नाही, म्हणजे जुन्या फणसाखाली किंवा दोन घरांमधील बोळात, तेथे नीरब्राह्मीचा आग्रह धरू नये. तेथे मंडूकपर्णी अधिक बरी; आणि तीही होत नसेल तर पालापाचोळा न झाडता तसाच राहू द्यावा. माती झाकण्याचे काम तोही करतो, आणि फुकट करतो.

दोन्ही तालुक्यांची परिस्थिती

या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग व पूर्व भाग यांत मोठे अंतर आहे. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, कानंद खोरे, मोसे खोरे या पश्चिमेकडील खोऱ्यांत पाऊस अतोनात पडतो. नसरापूरच्या बाजूला पूर्वेस सरकत जावे तसा तो झपाट्याने कमी होतो. वेळवंडीवरील भाटघर, नीरेवरील नीरा देवघर, कानंदीवरील गुंजवणी, आंबीवरील पानशेत व मोसेवरील वरसगाव ही धरणे याच पावसावर भरतात. असे असूनही ज्या डोंगरउतारांवरून हे पाणी खाली येते, तेथील कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याची ओढाताण सोसावी लागते. काळ्या कातळावरील मातीचा थर उथळ, उतार तीव्र, त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. परसबागेसाठी कोणतीही शिफारस करताना ही वस्तुस्थिती नजरेआड करणे योग्य नव्हे. ज्या घरी उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, त्या घरी नीरब्राह्मीसाठी चांगले पाणी खर्च करा, असे कोणीही सांगू नये.

म्हणून या भागात नीरब्राह्मीची जागा पाण्यावरून ठरवावी. पश्चिम खोऱ्यांत पागोळ्यांखाली व परसातील निचऱ्याच्या चरालगत ती लावावी, आणि उन्हाळ्यात ती वरून वाळली तर वाळू द्यावी. थोडी बेणे म्हणून मोरीपाशी जगविली की पुरे. पूर्वेकडील गावांत विहिरीचे वा नळाचे पाणी बारमाही असेल, तर मोरी, हातपंपाचा ओटा, गुरांच्या पाण्याच्या डोणीभोवतीची ओली जागा या तिला योग्य होत. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर आहे. त्याच्या पायथ्याची गावे त्याहून पुष्कळच खाली असल्याने थंडीमुळे झाड मरण्याची भीती नाही. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, इतकेच.

लागवड

बियांपासून लागवड करण्याच्या भानगडीत पडू नये. बी अतिशय बारीक असते व ते रुजविणे कटकटीचे असते. आठ ते दहा सेंटिमीटर लांबीची, तीन-चार पेरी असलेली, शक्य तर मुळे फुटलेली कांडी घ्यावीत. दोन पेरी मातीत व टोक वर राहील अशा बेताने ती तिरपी खोचावीत. जागा आधी वीतभर खोल खणून, दगड वेचून, दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे व पाणी देऊन भाताच्या खाचरासारखा हलका चिखल करावा. भाताच्या आवणाची सवय असलेल्या हातांना हे काम शिकविण्याची गरज नाही.

दोन कांड्यांत व दोन ओळींत दहा सेंटिमीटर अंतर ठेवल्यास चौरस मीटरला शंभर कांडी लागतात. पंधरा सेंटिमीटर ठेवल्यास चव्वेचाळीस-पंचेचाळीस पुरतात. औषधासाठी शेतावर लागवड करणारे दाट लावतात. परसबागेत पंधरा सेंटिमीटर पुरेसे आहे. जमीन झाकली जाण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण बेणे निम्म्याहून कमी लागते. जमीन पूर्ण झाकली जाईपर्यंत केना, लव्हाळा व इतर तण हाताने उपटावे लागते. हे खुरपणीचे पहिले दोन महिने चुकविले, तर पुढे लव्हाळ्यातून नीरब्राह्मी वेगळी काढणे जवळजवळ अशक्य होते.

लागवडीचा हंगाम इतरत्र जून-जुलै सांगितला जातो. भोर-वेल्ह्याच्या पश्चिम भागास तो जसाच्या तसा लागू करू नये. जुलैतील पावसाच्या जोराने नुकतीच खोचलेली कांडी उपटून वाहून जातात. त्याऐवजी जूनच्या आरंभी एखाद्या आडोशाच्या गादीवाफ्यात किंवा जुन्या फुटक्या घमेल्यात बेणे वाढवावे आणि ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कायमच्या जागी लावावे. त्या वेळी पावसाचा जोर ओसरलेला, जमीन पूर्ण भिजलेली व ऊन पुन्हा दिसू लागलेले असते. पूर्वेकडे जूनची लागवड चालते.

पागोळ्यांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. धार नेमकी जेथे पडते, त्याच रेघेवर कांडी लावली जातात. कौलांवरून वा पत्र्यावरून पडणाऱ्या धारेपुढे कोणतेच कोवळे रोप टिकत नाही. त्या रेघेवर वीतभर रुंदीचा चर काढून त्यात हाताच्या मुठीएवढे दगड व वर खडी भरावी. धारेचा जोर दगडांवर मोडतो. त्या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगास अर्धा मीटर रुंद नीरब्राह्मी लावावी, म्हणजे दगडांवरून उसळून बाहेर वाहणारे पाणी तिच्यातून गाळून जाते व माती तेथेच बसते. सहा मीटर लांबीच्या पडवीपुढे असा पट्टा करावयाचा झाल्यास तीन चौरस मीटर जागा होते व पंधरा सेंटिमीटर अंतराने सव्वाशे-दीडशे कांडी लागतात. जोते व दगडी चर यांच्यामध्ये मात्र काहीही लावू नये. भिंतीलगत सतत ओल राहणे घराला चांगले नाही.

हे झाड पायाखाली तुडविले गेलेले सोसत नाही. खोड पाणीदार असल्याने पाय पडताच चिरडते. येण्याजाण्याच्या वाटेवर सपाट दगड पुरून मधल्या जागेत ते वाढू द्यावे.

बेणे कोठून आणावे? ओळखीच्या परसातून ओंजळभर मिळाले तरी वर्षभरात ते वाढून पुरते, हा या झाडाचा मोठा गुण आहे. ओढ्याकाठचे घ्यावयाचे झाल्यास मुळासकट न उपटता टोकांकडील मूठभर कांडी खुडून घ्यावीत. मागे राहिलेली पुन्हा वाढतात. देवराईतील झऱ्यांच्या काठावरून काही आणू नये. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. या दोन्ही तालुक्यांत अशा देवराया आहेत, आणि गावाने पिढ्यान् पिढ्या ज्या जागेतील काडी उचलली नाही, तेथील ओल परसबागेसाठी विस्कटण्याचे काहीच कारण नाही.

मोरीचे पाणी : कोणते चालेल व कोणते नाही

उन्हाळ्यात झाड जगवावयाचे तर सांडपाण्यावाचून गत्यंतर नसते, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना याच संबंधात आहे. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी, तसेच आंघोळीचे पाणी, दगड व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ देऊन सोडल्यास झाडाला सहसा बाधत नाही. कपड्यांच्या धुण्याच्या पावडरीचे दाट पाणी व फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर मिसळलेले पाणी दुसरीकडे वळवावे.

परंतु झाडाला बाधत नाही एवढ्याने ते माणसाला बाधणार नाही, असे होत नाही. नीरब्राह्मी पाण्यातील व चिखलातील जड धातू आपल्या अंगात ओढून साठविते. तांबे, कॅडमियम, क्रोमियम, शिसे, पारा यांच्या बाबतीत हे प्रयोगांत दिसून आले आहे. दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी या गुणाचा उपयोग करावा, असा विचार शास्त्रज्ञांनी मांडला तो यामुळेच. पाणी निवळण्याच्या दृष्टीने जो गुण, तोच पाला खाण्याच्या दृष्टीने दोष ठरतो. झाड टवटवीत दिसते, पान हिरवेगार असते, चवीतही काही फरक कळत नाही. यास्तव मोरीवरील, गटारालगतच्या, वाहने धुण्याच्या जागेजवळच्या, पुणे-सातारा महामार्गाच्या कडेच्या किंवा जुन्या बॅटऱ्या व रंगाचे डबे टाकलेल्या जागेतील पाला तोंडात घालू नये व विकूही नये. तेथे ती माती धरण्यासाठी व हिरवाईसाठीच असावी. खाण्यासाठी किंवा औषधासाठी लावावयाची तर चांगल्या मातीचा व स्वच्छ पाण्याचा वेगळा वाफा करावा, मग तो हातभर लांबीचा का असेना. मोरीवरील बेणे नवीन वाफ्यात नेल्यास पहिली कापणी टाकून द्यावी.

दुसरा धोका गुरांच्या संबंधातला आहे. भातखाचरे, डबकी व ओढे यांतील लहान गोगलगाईंच्या शरीरात जनावरांच्या यकृतातील चपट्या कृमींची एक अवस्था वाढते. पुढे त्या कृमींची सूक्ष्म पुटकुळ्यांसारखी अवस्था पाण्यालगतच्या वनस्पतींच्या पानांना व देठांना चिकटून राहते, आणि तो पाला खाणाऱ्या गाई, म्हशी, शेळ्या यांच्या पोटात जाते, क्वचित माणसाच्याही. नुसत्या धुण्याने ती निघून जाईलच याचा भरवसा नसतो. म्हणून जेथे गुरे चरतात वा पाणी पितात अशा जागेतील नीरब्राह्मी कच्ची खाऊ नये. शिजविल्यास हे भय राहत नाही. धातूंचे भय मात्र शिजवून जात नाही, हा फरक ध्यानात असावा.

डास, साप व इतर शंका

ओलीचे झाड म्हणजे डासांचे घर, ही शंका रास्त आहे. तिला चिखल आवडतो; साचलेले पाणी लागत नाही. वाफ्याला थोडा उतार ठेवावा व कोठेही पाणी आठवड्याहून अधिक साचून राहू देऊ नये. दुसरी शंका सापांची. दारापुढे दाट झाडोरा वाढू न देण्याची जुनी माणसांची शिकवण योग्यच आहे, कारण फुरसे, मण्यार यांना आडोसा लागतो. नीरब्राह्मी वाढू दिल्यास दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीची गादी तयार होते; दोन-अडीच महिन्यांनी ती चार-पाच सेंटिमीटरवर कापीत गेल्यास आडोसा राहत नाही. उंबऱ्यापासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून हातभर पट्टा मोकळा ठेवावा आणि जवळ लाकडे वा विटा रचू नयेत. साप बहुधा त्या ढिगात असतो, हिरवळीत नसतो.

किडींत नाकतोडे व पाने खाणाऱ्या अळ्या पावसाळ्यानंतर दिसतात. गोगलगाई ओल्या दिवसांत कोवळी टोके खातात. परसबागेत त्या सकाळी वेचून नष्ट करणे पुरते. खाण्याच्या वाफ्यावर कीटकनाशक फवारणे सर्वस्वी अनुचित होय.

कापणी, उपयोग व विक्री

लागवडीनंतर अडीच ते तीन महिन्यांनी पहिली कापणी घेता येते. पावसाळा संपत आला म्हणजे, ऑक्टोबरच्या सुमारास, पाला भरगच्च असतो व औषधी द्रव्यांचे प्रमाणही चांगले असते. जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून वर कापावे. स्वच्छ पाण्याने धुऊन, पातळ पसरून, सावलीत वाळवावे. पाल्याचे बहुतांश वजन पाण्याचेच असल्याने वाळल्यावर हाती फार थोडे उरते. आणि ढीग करून ठेवल्यास तो आतून तापून काळा पडतो.

आयुर्वेदात स्मरणशक्ती व मानसिक स्वास्थ्य यांसाठी ब्राह्मीचा उपयोग प्राचीन काळापासून सांगितला आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात तिच्यातील बॅकोसाइड ही द्रव्ये वेगळी करून त्यांचा अभ्यास केला, आणि तेव्हापासून जगभर तिच्यावर संशोधन चालू आहे. बंगालमध्ये तिचा पाला भाजी म्हणून तुपात परतून खातात. तथापि रिकाम्या पोटी किंवा जास्त प्रमाणात घेतल्यास मळमळ, पोटात मुरडा व जुलाब होतात. गरोदर स्त्रियांनी, तसेच हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांनी व नेहमीची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यांच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. परीक्षेच्या दिवसांत मुलांना वाटीवाटीने रस पाजण्याचा उत्साह आवरलेला बरा.

लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (सीमॅप) प्रज्ञाशक्ती व सुबोधक यांसारखे सुधारित वाणही काढले आहेत, आणि राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाल्यापासून अशा पिकांविषयी शेतकऱ्यांत कुतूहल वाढले आहे. याच कुतूहलाचा लाभ घेऊन बेणे महाग विकणारे व माल परत घेण्याचे तोंडी आश्वासन देणारे लोकही गावोगाव फिरतात. ज्या खाचरात आंबेमोहोर किंवा इंद्रायणी पिकते ते खाचर केवळ अशा शब्दावर नीरब्राह्मीखाली आणू नये. खरेदीदार कोण, भाव कोणत्या प्रतीला, माल कोठे द्यावयाचा व प्रयोगशाळेतील तपासणीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे लेखी झाल्याखेरीज बेण्यावर पैसा घालू नये. व्यापारासाठी लागवड करू इच्छिणाऱ्यांनी तालुका कृषी अधिकाऱ्यांशी आधी विचारविनिमय करावा. परसबागेतील चार चौरस मीटर हा विक्रीचा धंदा नव्हे. घरची गरज, शेजाऱ्यांना बेणे आणि जोत्याच्या मातीचे रक्षण एवढ्याच अपेक्षेने ती लावावी.

उन्हाळ्यातील बेणे

मार्चअखेर पागोळ्यांकडील पट्टा सुकू लागला म्हणजे त्यातील टवटवीत कांडी खुडून पसरट कुंडीत, फुटक्या माठाच्या बुडात किंवा घमेल्यात चिखल करून लावावीत. भांडे केळीच्या सावलीत ठेवावे व त्याखाली तबक वा पत्र्याचा तुकडा ठेवून रोज तांदळाचे धुवण ओतावे. घरातील एवढेच पाणी त्याला पुरते. तबकातील पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करावे. सुकलेल्या पट्ट्यावर आंब्याचा वाळका पाला पसरून ठेवावा, तो पेटवू नये. काही पेरी त्याखाली जिवंत राहतात आणि मृगाच्या सरींनंतर त्यांतून हिरवे कोंब वर येतात. जेथे आलेले दिसत नाहीत, तेथे कुंडीतील कांडी सप्टेंबरच्या लागवडीत भरून काढावीत.